घोड्याला कळणारी मराठी

लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा माझी खात्रीच झाली होती की आता आपलं बोलणं संपलं. नवरा विमानांच्या कारखान्यात. सकाळी कारखान्याच्या बसने जायचा, संध्याकाळी यायचा, चहा घ्यायचा आणि पेपरात तोंड घालायचा. माणूस सोन्यासारखा, पण शब्द मोजून वापरणारा. आणि मी बेळगावची. माहेरी घरभर माणसं आणि एकजात सगळी बोलकी. मल्लेश्वरमच्या त्या दोन खोल्यांत पहिले काही महिने मी भांड्यांशी बोलून काढले म्हटलं तरी चालेल.

घराच्या मागच्या भागात मालकीणबाई राहायच्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, कपाळ मोकळं, कारण यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी नळाशी मला म्हणाल्या, "पाणी जातंय गे, स्वल्प धरून ठेव, मग मिळायचं नाही बघ." मी घागर तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. मराठी होती, यात शंकाच नाही. पण ही कुठली मराठी, ते काही केल्या उमगेना.

त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर खाली उतरले आणि इथलेच होऊन गेले. मराठी घरात राहिली, चुलीपाशी आणि पाळण्यापाशी. शाळा कानडी, कचेरी कानडी, बाजार कानडी. त्यामुळे अक्कांना लिहितावाचता यायचं ते कानडीच. मराठी लिहायची झाली तरी त्या कानडी अक्षरांत लिहायच्या. बाळबोध अक्षर त्यांच्या लेखी देवळातल्या शिलालेखासारखं, लांबून नमस्कार करण्याजोगं. मला आधी याचं हसू आलं. मग वाटलं, हसायचं काय त्यात? आपण तरी कुठे मोडी वाचतोय.

अक्कांना एकच मुलगी. ती साताऱ्याला दिलेली. यजमान हयात असताना त्यांनीच ते स्थळ हट्टाने जमवलं होतं. तीनशे वर्षांनी आपल्या घरातलं कुणीतरी परत देशावर जातंय, याचा त्यांना कोण आनंद झाला होता म्हणे. पोरीचं काय होईल याचा विचार कुणी केला नाही. सासरी पहिल्याच पंगतीत ती भाताचं पातेलं घेऊन वाढायला उठली आणि दिराला विचारलं, "स्वल्प वाढू?" सगळी पंगत हसली. दीर कॉलेजात जाणारा, जिभेचा तिखट. त्याने तिचं नावच स्वल्पविराम ठेवलं. पाण्याला हाक, स्वल्पविराम. चहाला हाक, स्वल्पविराम. थट्टाच ती, कुणी मारलं नाही की टाकून बोललं नाही. पण थट्टेनेसुद्धा माणूस मिटतं. ती आईच्या कानडी अक्षरांतल्या पत्रांनाही घाबरू लागली, कारण सासूबाई पत्र उलटंसुलटं करून म्हणायच्या, "यात लिहिलंय काय, ते आम्हाला कळू नये असंच आहे वाटतं." शेवटी तिने आईला कळवलं, की इथून पुढे बाळबोधीत पत्र लिहून घेत जा कुणाकडून तरी.

ते कुणीतरी म्हणजे मी. अक्का सांगायच्या आणि मी लिहायची. "सुखी असावे" वगैरे घालून नीटनेटकं पत्र तयार व्हायचं, आणि तिकडूनही तसंच नीटनेटकं यायचं. ते वाचून दाखवलं की अक्का विचारायच्या, "एवढंच?" मी म्हणायची, "एवढंच." त्या पत्र घडी करून कमरेला लावायच्या आणि उठायच्या.

मुलगी माहेरी आली की तर आणखी पंचाईत. मी पाहिलंय ते. आई म्हणाली "स्वल्प", की लेक म्हणायची, "आई, थोडं म्हण." आई "सरी" म्हणाली की लेक, "बरं म्हण." तोंडून शब्द बाहेर पडायच्या आधी अक्का तिच्याकडे बघायच्या. ज्या बाईने सबंध गल्लीला धाकात ठेवलं, नळाच्या रांगेत जिच्यापुढे जायची कुणाची टाप नव्हती, ती बाई पोटच्या पोरीशी बोलताना चाचरायची. मला तिडीक जायची. एकदा मी मुलीला सुनावणार होते, पण अक्कांनी डोळ्यांनीच गप्प केलं. मागाहून म्हणाल्या, "तिचं काय चुकलं गे? तिला तिथं राहायचं आहे." मग जरा वेळाने, आपल्याशीच बोलल्यासारखं, "माझ्याशी बोलायची तिला लाज वाटते. ती लाज गेली पाहिजे. दुसरं मला काही नको."

आता त्या मासिकाचं सांगते. मासिक म्हणायचं, निघायचं तीन महिन्यांनी. बंगळूरच्या मराठी मंडळींचं होतं आणि त्याचे संपादक हिशेबखात्यातल्या कचेरीत नोकरीला असलेले पुण्याचे एक गृहस्थ. अविवाहित, सायकलवाले, धोतराला क्लिप लावलेला. कचेरी सुटली की बसवनगुडीपासून मल्लेश्वरमपर्यंत घरोघर फिरून ते लेख गोळा करायचे. माणूस तळमळीचा, यात वाद नाही. पण त्यांचा सगळा जीव पुण्याला काय वाटेल यात अडकलेला. प्रत्येक अंक पुण्याला पाठवायचे आणि अभिप्रायाची वाट बघायचे. अभिप्राय बहुधा येतच नसे. आला की खिशात घालून महिनाभर दाखवत फिरायचे.

छपाई चिक्कपेटजवळच्या एका छापखान्यात व्हायची. तिथे संस्कृत स्तोत्रं आणि हिंदीची पाठ्यपुस्तकं छापत, म्हणून देवनागरी खिळे होते. पण त्यांत 'ळ' हे अक्षर फारच थोडं. चार पानं जुळवली की ळ संपायचे. मग ती पानं छापून, खिळे सोडवून, पुढची पानं जुळवायची. म्हणून संपादक आम्हाला गंभीरपणे सांगायचे, "शक्यतो ळ कमी येतील असं लिहा." एका कवीने त्यांच्या सांगण्यावरून आभाळ काढून आकाश घातलं होतं, आणि पुढे वर्षभर तो कुरकुरत होता.

लिहिणारे कोण? माझ्या नवऱ्याच्या कारखान्यातले एक इंजिनीयर, ते चंद्रावर कविता करायचे. विज्ञानसंस्थेत शिकणारा एक मुलगा, तो पुण्यातल्या बोळांच्या आठवणी लिहायचा. बँकेतले एक साहेब, ते म्हैसूरला जाऊन आले की प्रवासवर्णन लिहायचे, आणि ते सारखे म्हैसूरला जायचे. मीसुद्धा अधूनमधून काहीतरी खरडायची. बेळगावचा पाऊस, बेळगावचा कुंदा, असलंच. सगळ्यांचा जीव मागे राहिलेल्या गावात. आमच्या त्या मासिकात बंगळूर फक्त मुखपृष्ठावरच्या पत्त्यात असायचं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं, लक्षात आणून दिलं ते अक्कांच्या घोड्याने.

उन्हाळ्यात अंगणात सांडगे घालायला बसलो होतो. संपादक माझा लेख न्यायला आलेले, आणि मी नेहमीप्रमाणे तो पूर्ण केलेला नव्हता. त्यांना ताक देऊन पायरीवर बसवलं. रस्त्याने एक जटका गेला. म्हैसूर राज्यातल्या घोडागाडीला जटका म्हणतात, तेव्हा मल्लेश्वरमात ते पुष्कळ होते. अक्का हातातलं पीठ तसंच ठेवून त्या घोड्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या अण्णाचा घोडा असाच होता." अण्णा म्हणजे त्यांचे वडील.

मग सांगत गेल्या. अण्णांचा स्वतःचा जटका. वकिलांना कोर्टात सोडायचं, मुलांना शाळेत न्यायचं, असं काम. बाजारात अण्णा कानडी बोलायचे, दंडूत, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या बाजूला, मोडकं तमिळ. घोड्याशी मात्र मराठी. का, तर तो घरचा. पुढे अण्णा छातीच्या दुखण्याने आडवे झाले आणि घोडा विकायची पाळी आली. दंडूतला एक माणूस विकत घेऊन गेला, आणि जरा वेळाने एकटाच दारात येऊन उभा राहिला. घोडा गल्लीच्या टोकाशी थांबला होता तो हलायला तयार नव्हता. चाबूक झाला, गूळ झाला. तो माणूस त्याच्या भाषेत 'चल' म्हणत होता आणि घोडा दगडासारखा उभा.

"अण्णाला तर उठवेना," अक्का म्हणाल्या. "मी लहानच होते. 'तूच जा', म्हणून मला पाठवून सोडला. गेले. घोड्याच्या कानात बोलले, 'चल गा माझ्या राजा, स्वल्प पुढं जाऊ.' चालला की! पुढच्या वळणावर पुन्हा उभा. पुन्हा कानात बोलले, 'चल गा माझ्या राजा, स्वल्प पुढं जाऊ.' पुन्हा चालला. असंच करत दंडू आलं, त्या माणसाचं घर आलं. सगळ्या वाटेनं मी त्याला 'जाऊ' म्हणून बोलले गे, आपण दोघं जाऊ म्हणून. आणि मी परत येऊन सोडले."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा पिठाचा गोळा उचलला. संपादकांच्या हातातलं ताक तसंच राहिलेलं. त्यांनी ते पायरीवर ठेवलं. मग मला म्हणाले, "हे लिहून घ्या. दसऱ्याच्या अंकात घेऊ."

पुण्यात दिवाळी अंक निघायचे. आमचा मात्र दसऱ्याला निघायचा, कारण दिवाळीला अर्धे लेखक आणि अर्धे वाचक सुटी काढून पुण्यालाच गेलेले असत. मी त्या रात्री जेवणं आटोपली आणि लगेच लिहायला बसले. अक्का बोलल्या तस्संच उतरवलं, एक शब्द न बदलता. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं, कारण त्यात माझं काही नव्हतंच.

संपादकांनी वाचलं. पेन्सिल काढली. मला वाटलं, कौतुकाच्या खुणा करतायत. बघते तर काय, 'गा'वर रेघ, 'स्वल्प'वर रेघ, 'पाठवून सोडला' आणि 'येऊन सोडले' यांवर रेघा.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"असं आता कुणी बोलत नाही हो."

"कुणी बोलत नाही कसं? त्या बोलल्या की. तुमच्या समोर बोलल्या. ताक पीत ऐकलंत की तुम्ही."

"ऐकायला गोड वाटतं. छापलं की लोक हसतील. पुण्यात तर..."

"पुणं गेलं खड्ड्यात," मी म्हटलं. म्हटलं ते म्हटलं. नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं, असं फार क्वचित व्हायचं. संपादकांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण माघार घेणार कोण? मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतले आणि सांगितलं, की छापायचं तर असंच छापा, नाहीतर छापू नका. ते निमूटपणे सायकल घेऊन गेले. बिचाऱ्यांचा धोतराचा क्लिप आमच्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या फुशारकीने मी अक्कांना सगळं सांगितलं. तुमच्यासाठी कशी भांडले, एक अक्षर बदलू दिलं नाही, वगैरे. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखं करून दे गे."

"म्हणजे?"

"त्यांना पाहिजे तसं. पुण्यासारखं. ते छापून येईल काय?"

"येईल. पण अक्का, त्यात मजा राहायची नाही."

"मजा कशाला?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "साताऱ्याला पाठवायचं आहे. पोरीच्या सासूनं वाचलं पाहिजे. सुनेच्या आईचं नाव मराठी पुस्तकात छापून आलंय म्हणून त्यांना दिसलं पाहिजे. त्या हसल्या की संपलं. माझ्यासारखं छापलंस तर पोरगीच पहिली लपवून ठेवील."

मला अक्कांचाही राग आला, त्या मुलीचाही आला, त्या कधी न पाहिलेल्या सासूचा तर फारच आला. पण गोष्ट त्यांची होती. मी संपादकांकडे निरोप पाठवला आणि त्यांनी लगेच येऊन क्लिपही नेला.

मग दुपारी दुपारी बसून मी ती गोष्ट नव्याने लिहिली. एकेक वाक्य अक्कांना वाचून दाखवायची. त्या मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "सरी." 'बोलले' चं 'म्हणाले' केलं, सरी. 'पाठवून सोडला' चं 'पाठवले' केलं, सरी. घोड्याच्या कानातलं वाक्य आलं. मी वाचलं, "'चल बाळा, थोडे पुढे जाऊ,' असे मी त्याच्या कानात कुजबुजले." अक्कांनी मान हलवली नाही. मी थांबले. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "सरी. पुढचं वाच."

अंक निघायच्या आधी साताऱ्याहून पत्र आलं. मुलीच्या सासूबाईंना म्हैसूरचा दसरा बघायचा होता. सासू-सून दोघी येणार, आधी बंगळूरला उतरणार आणि म्हैसूरहून परतताना पुन्हा थांबणार. अक्कांच्या अंगात वारं शिरलं. घर धुऊन काढलं, नवरात्रातल्या बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या, त्यांना नवे कपडे शिवले. इकडच्या जुन्या घरांतून दसऱ्याला बाहुल्या मांडतात. सगळ्यात वरच्या पायरीवर त्यांनी अंकासाठी जागा मोकळी ठेवली होती.

विहीणबाई आल्या. मी मनाशी एक कजाग बाई रंगवून ठेवली होती. आल्या त्या ठेंगण्या, दम्याने धापा टाकणाऱ्या, आल्याआल्या "घर किती थंडगार हो तुमचं" म्हणणाऱ्या. बाई वाईट नव्हती, हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले. सून त्यांच्या मागेपुढे करत होती आणि साताऱ्याचं बोलत होती. अक्का कमीत कमी बोलत होत्या. वाढताना नुसतं भांडं पुढे करायच्या आणि मानेने विचारायच्या. ते बघून मला जेवण जाईना.

दसरा झाला, त्या म्हैसूरहून परत आल्या आणि रविवारी संध्याकाळी अंकाचा कार्यक्रम ठरला. आमच्या मंडळाची पद्धत अशी, की अंक निघाला की सगळ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये जमायचं आणि ज्याने त्याने आपलं लिखाण वाचून दाखवायचं. तेही अंकातूनच. चंद्रावरचे कवी एकदा वाचता वाचता नवी कडवी घालू लागले होते, तेव्हापासून संपादकांनी हा नियम केला होता. छापलंय तेच वाचायचं.

हे मी दर खेपेला बघत आलेले. तरी अक्कांनाही वाचायला लावतील, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे. अक्कांच्याही आलं नाही. आम्हा दोघींना छापून येण्याचाच घोर लागलेला. शिवाय त्या मासिकात अक्कांसारखं बाळबोध न येणारं कुणी आजवर लिहिलंच नव्हतं, मग असा प्रश्न कुणाला पडणार? संपादकांनी हौसेने त्यांना पुढे बोलावलं, त्यांच्या हातात कोरा करकरीत अंक दिला, पान उघडून दिलं आणि म्हणाले, "वाचा."

अक्का उभ्या राहिल्या. नवी इरकली नेसलेल्या, अंक दोन्ही हातांनी धरलेला. डोळे पानावर. मला पहिल्या रांगेतून दिसत होतं, की त्या अक्षरांकडे नुसत्या बघतायत. हॉलमध्ये खोकल्याचा आवाज झाला, कुणीतरी खुर्ची सरकवली. संपादकांना वाटलं, बाई बुजल्या. म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

माझ्या शेजारी बसलेल्या विहीणबाईंनी सुनेला हळूच विचारलं, "का गं? आईंना वाचता येत नाही का?"

मुलीचा चेहरा मी बघितला आणि नजर काढून घेतली. आपण उठावं, चष्मा विसरल्याचं काहीतरी सांगावं आणि वाचून टाकावं, असं ठरवून मी उठत होते, तोवर तीच उठली. तरातरा पुढे गेली. आईच्या हातातून अंक घेतला, तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि वाचू लागली.

सुरेख वाचलं तिने. स्वच्छ, ठसठशीत, कुठे अडखळणं नाही. विहीणबाईंची मान डोलत होती. अण्णांचं दुखणं झालं, घोडा विकला गेला, तो माणूस दारात येऊन उभा राहिला. मी अक्कांकडे बघत होते. त्या हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या, परक्याच्या घरची हकिकत ऐकावी तशा. आणि मग मुलीने वाचलं, "'चल बाळा, थोडे पुढे जाऊ,' असे मी त्याच्या कानात..."

थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा तिथेच थांबली. पुढचा शब्द छापलेला होता, तिला दिसत होता, पण ती वाचेना. लहानपणी रोज ही गोष्ट ऐकून झोपलेली पोर ती. मला तोवर हे माहीतही नव्हतं. तिने अंक खाली केला आणि आईकडे वळली.

"आई," ती म्हणाली, "असं बोललं तर तो घोडा हलत नाही गे."

सबंध हॉलमध्ये ते ऐकू गेलं. 'गे' म्हणाली ती. सासूच्या समोर, भरल्या सभेत.

"तू सांग," ती म्हणाली. "हे तुझं नव्हे. तू सांग."

अक्कांनी आधी विहीणबाईंकडे बघितलं. हलक्या आवाजात लेकीला म्हणाल्या, "त्यांना कळायचं नाही गे."

"कळेल. नाही कळलं तर मी आहे सांगायला."

मग अक्का बसल्या जागेवरूनच सांगू लागल्या. सुरुवातीला आवाज निघेना. अण्णाचं छातीचं दुखणं आलं तशा सावरल्या. जटका, दंडू, गूळ, चाबूक. संपादक नियमाप्रमाणे अंक उघडून बसलेले. पेन्सिल हातात घेऊन ते ओळी लावू बघत होते, पण कुठलीच ओळ कशाशी जुळेना, तेव्हा त्यांनी अंक मिटला आणि पेन्सिल खिशात टाकली. घोड्याच्या कानातलं ते वाक्य अक्का दर वळणावर तस्संच म्हणत होत्या, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणापासून मुलीचे ओठही त्यांच्याबरोबर हलत होते. दंडू आलं. "आणि मी परत येऊन सोडले," अक्का म्हणाल्या. मी रडले, सरळ सांगते. मला लाज नाही त्याची. माझ्या नवऱ्याने मला रुमाल दिला आणि मग तो परत मागून घेतला, कारण त्यालाही हवा होता.

विहीणबाई पुढे वाकून बसल्या होत्या. टाळ्या झाल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, "त्या राजा म्हणाल्या का घोड्याला?" मी हो म्हटलं. "मला सगळं कळलं," त्या म्हणाल्या. जराशाने पुन्हा म्हणाल्या, "एक-दोन शब्द सोडले तर सगळं."

घर जवळच होतं, आम्ही चालत निघालो. माझा नवरा आणि संपादक कधीच पुढे निघून गेले होते. अक्का आणि त्यांची मुलगी आमच्या पुढे चालत होत्या. मग मुलीने काहीतरी विचारलं, अक्कांनी उत्तर दिलं, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. एकीचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरीचं सुरू. अर्धी कानडी, अर्धी मराठी, मधेच हसणं, मधेच एकमेकींना गप्प करणं. वर्षानुवर्षांचं साठलेलं बोलत असाव्यात. 'थोडं म्हण', 'बरं म्हण' यांत अडकून राहिलेलं सगळं.

विहीणबाई धापा टाकत माझ्या बरोबरीने येत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय बोलतायत हो त्या?"

एवढी वर्षं अक्कांच्या घरात काढूनही मला त्यातलं निम्मंच कळत होतं. "घरचं बोलतायत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "आपण जरा मागेच राहू." आम्ही पावलं सावकाश केली.